कोंडूमामाने राखलेला काठ

कोंडूमामा गेल्याची बातमी सौंदडहून भात घेऊन आलेल्या गाडीवानाने आणली. बैल सोडता सोडता तो म्हणाला, "तुमचा मामा गेला जी, परवा." मी मालगुजारांच्या, म्हणजे इथल्या जमीनदारांच्या, कचेरीच्या ओट्यावर उभा होतो. मालगुजारांनी आतून विचारले, "कोन मेला रे?" मी नाव सांगितले. "अच्छा, तो गवंडी," म्हणाले, आणि पान लावू लागले... महिना होत आला, पण ते पान लावणे माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

मामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. त्याचे आजे तलावांच्या पाळी, म्हणजे मातीचे बांध, बांधत. त्याच्या हाती वीट आणि चुना आला. गोरेगावजवळ, ही कचेरी आहे त्या बंगल्यामागे, मालगुजारांनी साहेबलोकांसाठी पोहण्याचा हौद बांधला, तेव्हापासून त्याचा विटांचा काठ मामाच राखत असे. हिवाळा सरला की पाणी उपसायचे, शेवाळ काथ्याने घासायचे, विटांमधल्या फटी कोरून पोकळ झालेला चुना पाडायचा आणि गुळाच्या पाण्यात मळलेली चुना-सुरखी, म्हणजे चुना आणि विटांची भुकटी, बोटाने दाबून भरायची. वर ओले गोणपाट. पुरते वाळले की कोमट जवसाचे तेल, कापडाच्या बोळ्याने, एकेका विटेला. बोटांची टोके चुन्याने खाल्लेली. भाजीत तिखट जास्त झाले की घास हातातच राही. त्या हौदात त्याने कधी पाय बुडवला नाही. तशी मुभाच नव्हती.

एका वर्षी नागपूरहून मोठा पाहुणा यायचा होता. काठ भरून जेमतेम पाच दिवस झाले होते. मालगुजारांनी हौद भरायला सांगितला.

"मालक, एकवीस दिस तरी पानी नोका भरू," मामा म्हणाला. "चुना आजून वला हाये. काठ सुटंल."

"तू मले शिकवतं काय? पाहुना उद्या येऊन राह्यला."

मामा माझ्याकडे वळला. "तू तरी सांग ना, भाचा."

मी कचेरीचा कारकून. मी हातातली हिशेबाची वही उघडली.

दुसऱ्या दिवशी पाहुण्याने काठावर पाय दिला, दोन विटा निसटल्या आणि तो आत कोसळला. पाय मोडला. संध्याकाळी अंगणात सगळ्यांसमोर मालगुजार ओरडले, की गवंड्याने चुना चोरला आणि फटीत माती भरली. मामा शांतपणे म्हणाला, "म्या सांगतलं होतं जी. माहा भाचा तठीच होता, त्याले इचारा." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या... "मी काही ऐकलं नाही," मी म्हणालो. मामा माझ्याकडे बघत राहिला. रागाने नव्हे, ओळख पटत नसल्यासारखा.

त्यानंतर त्याला कुणी ओट्याचेही काम दिले नाही. तो सौंदडला रेल्वेलाइनीवर खडी फोडू लागला. मी कधी स्टेशनावर उतरलो, तर हातोडा न थांबवता पाठ फिरवायचा. दगडाच्या भुकटीने छाती भरली, आणि त्यातच गेला. बातमी कळल्यावर भेटायला गेलो तेव्हा मामी दारातच म्हणाली, "आता कायले आला? तो तुहं नाव घेत नोता." मी ओसरीवर थोडा वेळ बसलो. पाणी कुणी विचारले नाही.

मागच्या आठवड्यात नवा गवंडी काठ दुरुस्त करायला आला. मामानंतर दुसऱ्यांनी भरलेल्या तीन बाजूंचा चुना हाताने निघत होता. उत्तरेकडच्या बाजूवर त्याने छिन्नी मारली, पुन्हा मारली. नुसता खणखणीत आवाज आला. "हे कोनं भरलं जी? हालून नाई राह्यलं," त्याने विचारले. मालगुजार खुर्चीत बसून ऐकत होते.

"जुनं काम आहे," मी म्हणालो.

ती बाजू माझ्या मामाने त्या अपघाताच्या आदल्या वर्षी भरली होती, आणि तिला वाळायला पुरते दिवस मिळाले होते. त्याने आधी सांगितले होते, आणि मी ते ऐकले होते. हे मी वर्तमानपत्राला लिहून पाठवतो आहे; छापून आल्यावर कचेरीत माझी जागा राहणार नाही. हे सांगणे मामाच्या आता काही कामाचे नाही.