पणजोबांच्या शेजारी

जेद्दातल्या आमच्या दवाखान्यात नोंदणीला बसणारे चाचा प्रत्येक पेशंटचं, त्याच्या बापाचं, आजाचं नाव अर्जात लिहीत. माणूस रत्नागिरीकडचा निघाला की पणजोबाही विचारत. रांग खोळंबे, मी वैतागे. इंग्रजांच्या काळात मामलेदारी करून आंब्याची मोठी बाग लावणाऱ्या आपल्या पणजोबांचे वंशज ते शोधत होते.

एकदा त्यांच्याच गावची एक म्हातारी म्हणाली, "आम्ही तुमचे कोणी नाय, बाबा. माझा आजा तुमच्या बागेत कलमं बांधायचा."

चाचांनी वंशावळीचा कागद काढला आणि तिच्या आजाचं नाव पणजोबांच्या शेजारी लिहिलं.

पुढे स्थानिकांनाच नोकऱ्या देण्याच्या नियमाने त्यांच्या खुर्चीवर सौदी माणूस आला. चाचा गावी परत निघाले तेव्हा मी विचारलं, "आता काय करणार?"

"त्या म्हातारीचा भाऊ गावात अजून कलमं बांधतो, त्याच्याकडे शिकणार. डॉक्टर, पाच वर्षांनी आंबे खायला या."