थोरल्याचा रुपया, धाकट्याचा रुपया

आष्ट्याच्या बँकेत परदेशी पैशांच्या खिडकीवर बसणाऱ्या जवाहर मगदूमला आयुष्यात तसं काही कमी नव्हतं. नोकरी पक्की होती, गुणमालासारखी बायको होती आणि मिशीची दोन्ही टोकं सारखी ठेवता येतील इतकी फुरसत होती. फक्त दर महिन्याला राहीबाई येत.

राहीबाईंना दोन मुलगे. थोरला अर्जुना, धाकटा नानासो. दोघेही गवंडी. त्र्याहत्तर साली मुंबईच्या कुठल्याशा कंत्राटदाराने त्यांना हिंदी महासागरात नेऊन सोडलं, आणि सोडलं तेही वेगवेगळ्या बेटांवर. अर्जुना मॉरिशसला, नानासो सेशल्सला. तिथे ते हॉटेलं बांधत आणि आईला पैसे धाडत.

मुलगे वेगळे झाले की आईनं एक महिना एकाकडे आणि एक महिना दुसऱ्याकडे जेवायचं, ही आपल्याकडची रीत. मुलगे समुद्रापलीकडे गेले म्हणून राहीबाई ती मोडणार नव्हत्या. स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच चुलीपुढे बसून त्या चैत्रात अर्जुनाकडे जेवत आणि वैशाखात नानासोकडे. ज्याचा महिना, त्याने तिकडचे शंभर रुपये धाडायचे. अधिक महिना आला तर निम्मा याचा, निम्मा त्याचा.

दोन्ही बेटांचे रुपये निराळे, पण दोन्ही विलायतेच्या पौंडाला एकाच दराने बांधलेले. त्यामुळे शंभर कुणाचेही असोत, राहीबाईंच्या हातात पडायचे एकशे चाळीसच्या आसपास. "माझी लेकरं तागडीत घाला," त्या गल्लीत सांगत, "काटा हालायचा न्हाई."

शहात्तर साली मॉरिशसच्या सरकारने आपला रुपया पौंडापासून सोडवून घेतला. नंतर पौंड घसरला आणि बांधलेला सेशल्सचा रुपया त्याच्याबरोबर घसरला. आश्विनात अर्जुनाचे एकशे चौतीस आले. कार्तिकात नानासोचे एकशे सात.

राहीबाईंनी नोटा तीनदा मोजल्या.

"अण्णा, वरचं सत्तावीस कुठं ठेवलं?"

"मावशी, एवढंच आल्यात. दर उतरलाय."

"दर हळदीचा उतरतो. ह्ये रुपये हायेत."

"रुपयालाबी दर असतोय."

"मग थोरल्याचा कसा उतरला न्हाई?"

जवाहरने मॉरिशसपासून सुरुवात केली. पौंडापर्यंत पोचेस्तोवर मागे रांग लागली होती आणि रांगेतले सगळे राहीबाईंच्या बाजूचे होते.

दुसऱ्या दिवशी त्या कोरं पत्र घेऊन आल्या. त्यांची पत्रं जवाहरच लिहीत असे. "लिवा," त्या म्हणाल्या, "नानाला म्हनावं, तुझ्या महिन्यात मी जेवनार न्हाई. भावापरीस हात आखडनाऱ्याचं मला नगं. शेजारची हरणाबाई म्हनतीया, तिकडं बायको केली आसंल."

जवाहरने लेखणी खाली ठेवली. शंभराचे शंभर धाडणारा पोरगा घमेलं-थापी बाजूला ठेवून हे पत्र वाचणार, आणि आपली आई कुठल्या तिसऱ्याच देशाच्या पौंडापायी उपाशी बसली हे त्याला कधी कळायचंही नाही.

"मी लिवणार न्हाई, मावशी."

"मग मास्तराकडं जाती."

"चार दिस थांबा."

हे चार दिवस जवाहरला फार महागात पडले. त्याने नकाशा दाखवला. त्यातले दोन ठिपके बघून राहीबाई म्हणाल्या, "येवढ्याशा जागेत हाटेल कुठं बांधत्यात?" त्याने वर्तमानपत्र वाचून दाखवलं. तोवर त्या पिशवीतल्या शेंगा सोलून मोकळ्या झाल्या. घरी तो ताटावर बसून पौंडाला शिव्या देऊ लागला. गुणमाला म्हणाली, "आवं, त्यांना इकडंच ऱ्हायला आणा. निदान वाद घालाया तुमाला बँकेपतूर जायला नगं."

पाचव्या दिवशी, समजूत घालायची सगळी उमेद संपल्यावर, तो चिडूनच बोलला.

"मावशी, एक उसाची गाडी हाय. तिच्या मागं दोन वासरं बांधल्यात. एक थोरल्याचं, एक धाकट्याचं. थोरल्याचं दावं सोडलं. गाडी गेली खड्ड्यात. मग धाकट्याचं वासरू कुठं जाईल?"

राहीबाईंचे शेंगा सोलणारे हात थांबले.

"दावं कुनी सोडलं? अर्जुनानं?"

"तिथल्या सरकारनं."

"आन नानाचं बांधलेलंच हाय?"

"व्हय."

"मग त्या लेकराचा काय दोष?" त्यांनी जवाहरकडे असं पाहिलं, जणू नानासोवर आळ त्यानेच घेतला होता. "आनी तुमी सरळ सांगंना झालाय. चार दिस पौंड-पौंड करताय."

पत्र लिहिलं गेलं. नऊ ओळींचं. रुपया उतरला आहे, मनाला लावून घेऊ नकोस, थोरल्यासारखं तुझंही दावं सुटेल, जेवण वेळेवर कर.

पण दोघांचे महिने सारखे व्हायलाच हवे होते. म्हणून राहीबाई अर्जुनाच्या महिन्यातलं तेल-गूळ नानासोच्या महिन्यासाठी बाजूला काढू लागल्या, आणि किती काढायचं ते ठरवायला पहिल्या तारखेला खिडकीशी येऊन विचारू लागल्या, "वासरांत किती आंतर पडलं?" जवाहरला मुंबईचा पेपर लावावा लागला. वहीही घालावी लागली. मॉरिशस आणि सेशल्स या दोन सरकारांनी तरी अशी वही ठेवली असेल की नाही, याची त्याला शंका होती.

अठ्ठ्याहत्तरात त्याची पलूसला बदली झाली. पेढे त्याने जरा जास्तच वाटले. पुढच्या एक तारखेला यष्टीतून उतरून राहीबाई खिडकीशी हजर. "आष्ट्याच्या नव्या सायबाला वासरं ठावं न्हाईत," त्या म्हणाल्या.

एकोणऐंशीच्या दिवाळीत मॉरिशसनेच आपल्या रुपयाचं मोल कमी केलं. पेपर वाचून जवाहरने ताट बाजूला सारलं. मार्गशीर्षात अर्जुनाचे जेमतेम एकशे पाच भरणार होते, मधे पौंड सावरल्यामुळे नानासोचे त्याहून वीसेक जास्त. आता पुन्हा नकाशा, पुन्हा गाडी.

राहीबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी थोरल्याचं मोकळं वासरू आपसूक खड्ड्यात गेलं."

"व्हय."

"जाऊं द्या. आता नानाच्या महिन्यातलं तेल काडून ठेवती." त्यांनी कोरं पत्र पुढे सरकवलं. "नानाला लिवलं तसंच अर्जुनाला लिवा. नाव तेवढं बदला."

नानासोच्या पत्राची नक्कल त्याने वहीत लावून ठेवली होती. जवाहरने उतरवून काढली. दाव्याची ओळ अर्थातच गाळावी लागली.

"किती वळी झाल्या?" राहीबाईंनी विचारलं.

"आठ."

"नानाला नऊ व्हत्या."

"मावशी, मजकूर संपला."

"संपला तर संपला. थोरल्याला एक वळ कमी कशी?"

मागे रांग लागली होती. जवाहरने लेखणी दौतीत बुडवली आणि नववी ओळ स्वतःच्या मनाने घातली: तुमच्या मातोश्रींची प्रकृती उत्तम आहे, माझी विचारू नये.