जोडसायकलची वाटणी
दसऱ्याच्या आदल्या दिवशी ऑइलपेंटचा वास आला की माझं डोकं अजून फिरतं. चाळीसगावच्या आमच्या घरात शेत वाटलं, भांडी वाटली आणि गाडी अडली दोन सीटांच्या सायकलवर. वडील म्हणाले, "ती विलायती आहे, धाकट्याच्या जन्माआधीची, म्हणून माझी." काका म्हणाले, "देशी आहे, आबांनी माझ्या शाळेसाठी आणली." शेवटी जळगावहून जुन्या सायकलींचा एक जाणकार बोलावला. आबा, म्हणजे माझे आजोबा, दर दसऱ्याला पूजेआधी तिला हिरवा रंग द्यायचे; थरांवर थर चढलेला तो रंग त्याने दुपारभर खरवडला. दोघे भाऊ अंगणाच्या दोन टोकांना एकमेकांकडे पाठ करून बसलेले. मधल्या नळीवर वेल्डिंगचा जाड सांधा निघाला. "कंपनीची नाहीच ही," जाणकार म्हणाला, "दोन सायकली कापून जोडल्यात. पुढची विलायती, मागची देशी." ओट्यावरून आत्या कडाडली, "तुमना भांडनमुयेच आबानी जोडेल शे ती!" मला वाटलं, आपल्या भांडणापायीच आबांनी ती जोडली हे ऐकून तरी दोघं वरमतील. काका उठले आणि शेजारच्या वर्कशॉपमधून ग्राइंडर घेऊन आले. वडिलांनी, कित्येक वर्षांत पहिल्यांदाच, भावाच्या कामाला हात लावला: सायकल हलू नये म्हणून घट्ट धरून ठेवली. ठिणग्या उडाल्या, सांधा सुटला. आज आमच्या अर्ध्याला मागचं चाक नाही, त्यांच्या अर्ध्याला हँडल नाही. तरी दसरा आला की आम्ही आमचा अर्धा रंगवतो, आणि मधल्या भिंतीपलीकडून तोच वास येतो.