विरोधकांच्या सरबताचा ग्लास

बायको ग्रामपंचायतीला उभी राहिली आणि मतमोजणीच्या दिवशी शुगर माझी उतरली.

खालापूरला तहसील कचेरीबाहेर आम्ही आमच्या वॉर्डाचा पुकारा होण्याची वाट बघत होतो. सकाळी डायबेटिसची गोळी मी वेळेवर घेतली होती, पण धास्तीनं पोहे ताटलीतच राहिले. (गोळी गिळायला भूक लागत नाही.) थोड्या वेळानं हात थरथरू लागले, छाती धडधडायला लागली, सदरा पाठीला चिकटला. चुलतभाऊ दिलीप म्हणाला, "घाबरू नको रं, सीट आपलीच हाय." मलाही ती भीतीच वाटली. मी डोळे मिटून दीर्घ श्वास घेऊ लागलो. श्वास उत्तम चालले होते. फक्त डोळे उघडले तेव्हा एका दिलीपचे दोन झाले होते, आणि दोघांवरही मी उगाच खेकसलो.

ते ऐकून सुरेखा, म्हणजे आमची उमेदवार, धावत आली. माझ्या कपाळाला हात लावला, तर घाम गार. तिनं पर्समधून शुगरचं मशीन काढलं, माझं बोट टोचलं. अठ्ठावन्न.

"अवो, ही भीती नाय. शुगर उतरलीय तुमची."

खिशातल्या गोड गोळ्या मी सकाळीच पोराटोरांना वाटून बसलो होतो. चहाची टपरी रस्त्यापलीकडे, आणि पाय तर जागच्या जागी लटपटत होते. जवळ गोड असं एकच होतं: विरोधी उमेदवार शेवंताकाकूंच्या माणसांनी जिंकण्याच्या खात्रीनं आणलेलं पिंपभर लिंबू सरबत. प्रचार सुरू झाल्यापासून दोघींचं बोलणं बंद होतं. सुरेखा मला दंडाला धरून थेट त्यांच्या मांडवात घेऊन गेली आणि काय झालंय ते सांगितलं. काकूंनी ग्लास भरला, त्यात वरून आणखी साखर ढवळली आणि स्वतः माझ्या तोंडाला लावला.

"पी रं बाबा. मतं मागनं मोजू."

तेवढ्यात आमच्या वॉर्डाचा पुकारा झाला. सुरेखा जागची हलली नाही. पंधरा मिनिटं माझं मनगट धरून बसली, मग पुन्हा बोट टोचलं. एकशे चार. थरथर थांबली होती, दिलीपही एकच उरला होता. छाती मात्र धडधडतच होती.

"ही आता भीती," असं म्हणून ती आत गेली.

ती निवडून आली. गुलाल उधळताना आमचेच कार्यकर्ते माझ्याकडे तिरके बघत होते. मी प्रत्येकाला शुगरचं सांगितलं, मशीनमधला आकडासुद्धा दाखवला. दिलीप म्हणाला, "काकू निवडून येतील वाटलं म्हणून तिकडं गेलास, तर तसं सांग ना."

त्या निवडणुकीत ऐन वेळी एकच माणूस फुटला, असं गावात अजून सांगतात. तो म्हणजे उमेदवाराचा नवरा!