नुसता टाका मारून दे

मुळशीतल्या चांद्यात माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गिऱ्हाईक येतं, गाडी बंदसुद्धा करत नाही आणि म्हणतं, "काका, नुसता टाका मारून द्या ना." नुसता! हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. फौजेत मी वेल्डर होतो, हवालदार म्हणून रिटायर झालो. हेच वाक्य एकदा मला वायरलेसवर हिंदीतून ऐकवलं होतं.

पोस्टिंग पहाडातलं. दरीत गेलेल्या गाड्या ओढून काढणारी आमची छोटी तुकडी. रिकव्हरी गाडीवर नाईक सखाराम. आमच्याच मुळशीचा, कोळवणचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. सकाळी हजेरीचं फॉल-इन, मग ग्रीस, तारेची तपासणी, चहा. सखाराम चहाला नावं ठेवायचा आणि दोन मग प्यायचा.

त्या दुपारी पाऊस उघडला आणि मेसेज आला. एक ट्रक रस्ता सोडून खाली गेला होता आणि खडकाला टेकून थांबला होता. ड्रायव्हरचे पाय केबिनमध्ये अडकलेले. आम्ही पोचलो, तार लावली. पहिल्याच ओढीत आमच्या गाडीचा हुक बुडाशी तडकला.

माझ्याकडे वेल्डिंगच्या रॉडचे दोन पुडे होते. एक साठ-तेरा नंबरचा. कोरडा, चटकन पेटणारा, टाका दिसायला सुरेख. ग्रिल आणि गेटला उत्तम. दुसरा सत्तर-अठरा नंबरचा. जाड लोखंडाला, ओढ सोसणाऱ्या कामाला हाच लागतो. पण त्यानं ओल धरली की टाका वरून ठणठणीत दिसतो आणि आतून भेगाळतो. नेमकं त्याच पुड्याचं प्लास्टिक फाटलं होतं.

वायरलेसवर कॅप्टनसाहेब. "हुक की क्या पोझिशन है? ओव्हर."

"सर, रॉड सुखाना पडेगा. एक घंटा. ओव्हर."

"सूखा पॅकेट है ना? सिर्फ टाँका मार दो. ओव्हर."

"निगेटिव्ह, सर. वो रॉड लोड नहीं लेगा."

"ऑर्डर है. ओव्हर."

"हुक टूटा तो ट्रक नीचे जाएगा, ड्रायव्हर के साथ. चार्ज लगा दीजिए, सर. नहीं मारूँगा. ओव्हर."

 मग आवाज आला, "रॉजर. एक घंटा. जिम्मेदारी मेरी. आउट."

सखाराम शेजारीच उभा होता. म्हणाला, "सुकव तू. आई बियानं चुलीच्या उबंला सुकवती तसं सुकव, घाई नगं करू. तवर मी खाली जाऊन त्याला धरतो."

"वरनं दगडं येत्यात, सख्या."

"दिसतंय की मला!"

मी स्टोव्हवर पत्रा ठेवला, रॉड पसरले, वर डबा पालथा घातला. सखाराम दोरानं उतरला. त्यानं ड्रायव्हरला बांधलं, पाणी पाजलं आणि मेंढरांच्या गोष्टी सांगत बसला. मला वर ऐकू येत होतं. ड्रायव्हर पंजाबी, त्याला ओ की ठो कळलं नसणार. मग दगड आले. गोष्ट मध्येच थांबली.

मी हाका मारल्या.  रॉड तापले, मी टाका मारला, ओढ दिली. हुक टिकला. ट्रक वर आला, ड्रायव्हर जिवंत होता. त्याच्या अंगावर आडवा पडलेला सखाराम गेला होता.

गावात कुजबुज झाली, हा रॉड शेकत बसला म्हणून सखाराम गेला. अजून होते. होऊ दे. तो कोरडा रॉड लावला असता तर सखाराम खाली उतरलाच नसता, हे मला कुणी शिकवू नये. लई दुखतं ते. पण ड्रायव्हर दरीत गेला असता. आजही ओढीच्या कामाला मी तो रॉड हातात धरणार नाही.

मी कोळवणला गेलो तेव्हा सखारामच्या वडलांनी, तात्यांनी, सगळ्यांदेखत विचारलं, "तुझा टाका टिकला का रं?"

"टिकला, तात्या."

"आन त्यो डायवर?"

"घरी पोचला."

"मंग तू कुनाला भिऊ नगंस."

परवा शेजारच्या सूस गावचा एक जण कप्पीचा हुक घेऊन आला. सोसायटीत गच्चीवर सामान चढवायचंय म्हणाला. "काका, पाच मिनिटांचं काम. नुसता टाका."

मी रॉड सुकवायच्या ओव्हनकडे बोट दाखवलं. "रॉड तापतायत. बसा."

"मला घाई आहे हो."

"मग दुसरीकडे जा. इथं थांबावं लागतं."

चडफडत बसला. बसायला ह्याला काय धाड भरलीय? वरून दगड येत होते तरी नाईक सखाराम थांबला होता.