मोहरी, सॉस आणि धोंडिबाची सोयरीक

लढाई संपली, गोरे सोल्जर आपापल्या मुलखाला गेले आणि लोणावळ्याच्या आमच्या मिलिटरी कॅन्टीनच्या जागेवर आता गवत वाढलंय. पण आम्ही जुनी मंडळी चहाला जमलो, की एकाने एक किस्सा काढायचा अवकाश, दुसऱ्याला दोन आठवतात. घरातल्या रिकाम्या डब्यांसारखं आहे हे. कामाचे नसतात, पण टाकवतही नाहीत!

मी तिथे स्टोअरकीपर होतो. जातीने ब्राह्मण, स्वभावाने भित्रा. डब्यांमध्ये कसलं मांस आहे, हे मी कधी विचारलं नाही आणि कोणी आपण होऊन सांगितलं नाही. त्यामुळे माझा धर्म आणि नोकरी, दोन्ही टिकली.

स्वयंपाकाला कुरवंड्याचा धोंडिबा होता. हाताला चव, पण नोकरी टेंपररी. आणि त्यातच त्याची सोयरीक अडकली होती. मुलगी सुदुंबऱ्याची. मुलीला धोंडिबा पसंत, धोंडिबाला मुलगी पसंत. फक्त तिचे वडील, आबा, अडून बसले होते.

"टेंपररी मंजी काय? आज हाय, उद्या न्हाई! मग माजी पोरगी काय टेंपररी नांदायची का?"

परमनंट करायचं मोठ्या मेजरसाहेबांच्या हातात. ते येणार इन्स्पेक्शनला आणि जेवून ठरवणार. तोवर धोंडिबाने एकही चूक करायची नव्हती. म्हणजे संपलंच!

* * *

पहिली चूक पहिल्याच दिवशी झाली. कॅन्टीन सांभाळणाऱ्या कॅप्टनसाहेबांनी सॉसेजचे डबे काढून दिले आणि म्हणाले, "आज सगळ्यांना हॉट डॉग."

हॉट डॉग म्हणजे लांबट पाव मधोमध चिरायचा आणि आत ते सॉसेज आडवं ठेवायचं, बस्स. पण हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. धोंडिबाने सॉसेजचे बारीक तुकडे केले, कांदा-खोबरं भाजून वाटलं आणि पातेलंभर झणझणीत कालवण करून सोबत पाव दिले.

सोल्जर मुकाट्याने जेवले. पातेलं पुसून घेतलं. मग हात धुऊन पुन्हा रांगेत येऊन उभे राहिले.

कॅप्टनसाहेबांनी विचारलं, "आता काय?"

रांगेतला पहिला सोल्जर म्हणाला, "साहेब, सूप फार छान होतं. आता हॉट डॉग!"

* * *

हॉट डॉग जमला आणि खरी लढाई सुरू झाली. त्यावर घालायचं काय?

आमच्याकडे एक उंच अमेरिकन होता. त्याचं म्हणणं, पिवळी मोहरी. डब्यात येते ती, मस्टर्ड. टोमॅटोचा सॉस घालणारा माणूसच नव्हे! समोर एक इंग्रज सार्जंट होता, तो सॉसची बाटली काखेत घेऊनच जेवायला बसायचा. दोघांचं आधी बोलणं बंद झालं, मग बघणं बंद झालं आणि मग दोघांनी आपापली माणसं जमवली.

शेवटी कॅप्टनसाहेबांनी हॉलच्या मधोमध दोरी बांधली. एकीकडे मोहरीवाले, एकीकडे सॉसवाले. पाट्या मी रंगवल्या.

एक सोल्जर बिचारा दोन्ही लावायचा. त्याला दोन्ही बाजूंनी हाकललं. तो दोरीखाली उभा राहून जेवायचा, डाव्या हाताने मोहरी मागायचा आणि उजव्या हाताने सॉस. धोंडिबा मला हळूच म्हणाला, "भाऊ, दोन बायका केल्याव असंच हुतं. लय हाल!"

* * *

मग कोणीतरी कच्चा कांदा मागितला.

आमच्या मावळात भाकरीबरोबर खायचा कांदा सुरीने कापत नाहीत. धोंडिबाने कांदा ओट्यावर ठेवला आणि वर एक बुक्की हाणली. कांदा फुटून चार पाकळ्या! हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी जो तो आपला कांदा आपणच फोडायला लागला. मोहरीवाल्यांनी एका बुक्कीत फोडला, तर सॉसवाल्यांनी डाव्या हाताने फोडून दाखवला. कांदे टेबलांखाली उडायला लागले. तिसऱ्या दिवशी त्या इंग्रज सार्जंटने चांगला दगडासारखा कांदा निवडला, सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि बुक्की मारली.

कांदा जसाच्या तसा राहिला आणि सार्जंट मनगटाला पट्टी बांधून घ्यायला डॉक्टरकडे गेला.

संध्याकाळी नोटीस लागली. अजून मला शब्द न् शब्द पाठ आहे: "कॅन्टीनमध्ये कोणीही कांद्यावर हात उचलू नये."

* * *

मसाला वाटायला लोहगडवाडीची येसूमावशी यायची. दोन्ही बाजूंची ताटं तिने आठवडाभर बघितली. मग एकदा पदर खोचून थेट हॉलमध्ये आली.

"काय रं धोंडिबा, ही पोरं आजारी हायत का? ह्ये पिवळं आन् ह्ये तांबडं, तिकट कशातच न्हाई. बाळंतिणीचं जेवान हाय का ह्ये?"

आणि तिने कनवटीची पुरचुंडी सोडून कारळ्याची चटणी त्या उंच अमेरिकनच्या हॉट डॉगवर भुरभुरवली. काळीकुळकुळीत! त्याला वाटलं, बाई बंदुकीची दारू घालतेय. पण मावशी कमरेवर हात ठेवून समोर उभी. न खाऊन सांगतो कुणाला!

खाल्ली. थांबला. मग ताट उचललं आणि मावशीच्या पाटा-वरवंट्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसला. दोन दिवसांत तिथे सहाजण बसायला लागले. मला तिसरी पाटी रंगवावी लागली.

आबा एकदा मुद्दाम चौकशीला आले, तेव्हा त्यांनी हे सगळं दारातून बघितलं. दोरी, पाट्या, जमिनीवर बसलेले गोरे. जाताना एवढंच म्हणाले, "ह्यान्ला लढायला दुसरं कोन न्हाई व्हय?"

* * *

आता माझीही एक फजिती सांगून टाकतो.

रोज वास घेऊन घेऊन मला वाटायला लागलं, आपणही एकदा चव बघावी. सॉसेजला तर हात लावायचा नाही. मग मी पाव चिरला, आत मोहरी, सॉस, कांदा, चटणी सगळं भरलं आणि स्टोअरच्या मागे जाऊन खायला बसलो. पाव खाणं हेसुद्धा आमच्या घरी पापच होतं, पण ते मी लहान पाप धरलं.

धोंडिबाने बघितलं. "भाऊ, मदी काय हाय?"

"मधे श्रद्धा आहे!" मी म्हणालो.

तेवढ्यात त्या उंच अमेरिकनची नजर माझ्या पावात गेली. त्याला इतकं वाईट वाटलं! गरिबाला सॉसेज वाढायला विसरले म्हणून त्याने स्वतःच्या ताटातलं काट्याला टोचलं आणि "थांब, थांब!" म्हणत माझ्याकडे धावला. मी उठून पळालो. तो मागे, मी पुढे, तीन वेळा कॅन्टीनला प्रदक्षिणा झाली. लढाईच्या एवढ्या वर्षांत मी अमेरिकेपुढे माघार घेतली ती तेवढीच.

* * *

आणि मग मेजरसाहेबांचं इन्स्पेक्शन आलं.

दोरी सुटली, पाट्या लपवल्या. मेजरसाहेब मोहरीवाले आहेत आणि मोहरीशिवाय हॉट डॉग दिला तर ताट परत पाठवतात, हे कॅप्टनसाहेबांनी दहादा बजावलं होतं. मी मोहरीचा शेवटचा डबा उघडला, तर आत बुरशी! दुसरा डबा नव्हता. धोंडिबा मटकन खाली बसला.

"गेली सोयरीक, भाऊ. आज आबा सोता यायचंत बगाया."

मला त्याच्याकडे बघवेना. डब्यांची काळजी घ्यायची नोकरी माझी आणि लग्न मोडणार त्याचं! मग एकदम मला घरचं आठवलं. आमची आई लोणच्यासाठी मोहरी फेसते. मी मोहरी आणवली, मावशीने पाट्यावर वाटली, चिमूटभर हळद घातली, आणि तोंड फिरवून मी ती पाण्यात खसाखसा फेसली. रंग अगदी डब्यातल्यासारखा आला. फेस वर आला, तसा मावशी डोळ्यांना पदर लावून बाहेर पळाली.

घरी आम्ही ती बोटाच्या टोकावर घेतो. हे सांगायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही.

मेजरसाहेबांनी डब्यातल्या मस्टर्डच्या सवयीने मोठा चमचा भरला, दुसरा भरला, पावावर सारवली आणि मोठा घास घेतला.

आधी काहीच झालं नाही. मग त्यांच्या कपाळावरची शीर उठली. नाक लाल झालं. डोळ्यांतून घळाघळा पाणी मिशांवर आलं आणि त्यांनी दोन्ही हातांनी टेबल धरलं. कॅप्टनसाहेब पांढरेफटक पडले. धोंडिबाने कमरेचा एप्रन सोडून घडी घातली आणि माझ्या हातात दिला. मला तर रडूच यायला लागलं.

मेजरसाहेबांनी श्वास घेतला. डोकं हलवलं. बोलता येत नव्हतं, म्हणून धोंडिबाकडे बोट करून त्यांनी ताट पुढे सरकवलं. आणखी एक!

दुसरा खाता खाता, हुंदके देत देत, त्यांनी खिशातून पेन काढलं आणि धोंडिबाला परमनंट करायच्या कागदावर सही केली.

त्याच वेळी आबा दारात येऊन उभे राहिले. मी धावत गेलो. "आबा, झालं! साहेबांनी सही केली! धोंडिबा परमनंट! आता ठरवा लग्न!"

आबांनी धोंडिबाकडे बघितलं. मग टेबलाशी ढसाढसा रडणाऱ्या मेजरसाहेबांकडे बघितलं. डोक्याचं मुंडासं नीट केलं, हळूहळू चालत टेबलापाशी गेले, साहेबांच्या शेजारी बसले आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले,

"गप ऱ्हावा, सायेब. पोरगी माजी चाललीय, आन् रडताय तुमी!"