दिव्यांची सपाट ओळ

"दिवे सरळ आलं की गाणं झालंच म्हणायचं," अण्णा पेटीवाल्याला म्हणाले.

"दिव्यांस्नी सूर कळतोय व्हय?" पेटीवाला चहाची बशी तोंडाला लावत हसला. "उद्या म्हणशीला, ह्यो डबाच गातोय."

"तुझ्यापरास बरं गाईल."

मी त्यांच्या मागे स्टुलावर बसले होते. खडेबाजारात एका कापडदुकानाच्या माडीवर अण्णांची रेकॉर्डिंगची खोली होती. भिंतींना गोणपाट ठोकलेलं, मधे काच, काचेपलीकडे गाणारे. तो डबा म्हणजे स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर, अण्णांनी मुंबईहून मागवलेला. त्याच्यावर लाल दिव्यांचे दहा उभे खांब होते. डावीकडचे खर्जाचे, उजवीकडचे बारीक आवाजाचे. आवाजाचा जो भाग जोरात, त्याचा खांब उंच. खाली इक्वलायझर, त्याच्या दहा कळा वरखाली सरकवून एकेक भाग वाढवायचा किंवा दाबायचा. यंत्रासोबतचं पुस्तक इंग्रजीत होतं, म्हणून मला कामावर ठेवलं होतं. मी नुकतीच डिप्लोमा करून घरी बसले होते.

पुस्तकात लिहिलं होतं, त्याप्रमाणे मी पहिल्या दिवशी खोली तपासून दाखवली. यंत्रातून एक सारखी सळसळ निघते, नळ पूर्ण सोडल्यासारखी. ती स्पीकरवर लावायची, मायक्रोफोनने ऐकायची, आणि दहाही खांब एका उंचीला येईपर्यंत कळा सरकवायच्या. माझे खांब एका रेषेत आले तेव्हा अण्णा खुर्चीवरून उठले. "वा! गवंड्याची पातळीच की ही!" खाली जाऊन कापडवाल्यालाही त्यांनी वर बोलावून आणलं.

पुढच्याच पानावर लिहिलं होतं, की ही ओळ फक्त त्या सळसळीसाठी. गाण्याचे खांब कधीच सपाट नसतात, आणि सपाट करू नयेत. ते पान मी घरी जाऊन दोनदा वाचलं. सांगायचं मात्र दुसऱ्या दिवसावर ढकललं, मग तिसऱ्या. घरी आम्ही मराठीच बोलायचो, पण शाळा इंग्रजी होती, माझं मराठी जपून, पुस्तकी यायचं, आणि माडीवर तोंड उघडलं की पेटीवाला म्हणायचा, "मॅडम बातम्या सांगाय लागल्या बघा." त्यानंतर मी मान हलवूनच काम भागवू लागले.

सगळे ज्यांना मावशी म्हणायचे त्या गाणाऱ्या बाई निपाणीहून पहिल्या एसटीने आल्या, वखारीला सुट्टी होती त्या दिवशी. तंबाखूच्या वखारीत जरडा, म्हणजे पानांचा चुरा, चाळायचं काम त्या लहानपणापासून करत होत्या. माझी आजीही तेच करायची. हे मी त्यांना सांगितलं नाही. जयंतीला गल्लोगल्ली त्या गायच्या, आणि कोल्हापूरच्या एका कॅसेटवाल्याने सांगितलं होतं, नमुन्याची टेप पाठवा, बरी वाटली तर कॅसेट काढू. पन्नाशीच्या पुढचं वय. डॉक्टरांनी घसा तपासून सांगितलं होतं, आता फार दिवस गाणं होणार नाही.

"घशात हाय तवर भरून घ्या, अण्णा," त्या म्हणाल्या.

त्या गायला लागल्या आणि डावीकडून तिसरा-चौथा खांब वरपर्यंत पेटला. आवाज छातीतून यायचा, जाडसर, थोडा खरखरीत. मी कानांवर हेडफोन धरून बसले होते. ते आणखी घट्ट दाबले.

"हे बघ, किती वाकडं," अण्णा म्हणाले आणि त्यांनी तिसरी कळ खाली ओढली. मग चौथी. उजवीकडचे खांब बुटके होते, त्या कळा वर ढकलल्या. मावशींचा आवाज माझ्या कानात पातळ होत गेला. आधी छाती गेली, मग गळा, शेवटी नुसते दात राहिले, स आणि श. आमच्याकडे वेगवेगळे ट्रॅक नव्हते. कळांमधून जे बाहेर पडेल तेच थेट टेपवर जायचं.

दिवे जवळजवळ सरळ आले होते. अण्णांनी माझ्याकडे वळून विचारलं, "काय मॅडम, बरोबर न्हवं?"

मी मान हलवली. सहा गाणी झाली. मावशींना शेवटच्या गाण्यात ठसका लागला, तेही गाणं तसंच ठेवलं.

कोल्हापूरहून टेप परत आली. सोबतच्या चिठ्ठीत एवढंच होतं, आवाज फार पातळ आहे, चालणार नाही. एका दुपारी अण्णा जेवायला गेले असताना मी ती लावली आणि कळा उलट्या सरकवून पाहिल्या. दाबलेला भाग वर काढला की त्याच्याबरोबर टेपची घरघर वर यायची. आवाज तिच्यातच बुडाला होता. तासभर प्रयत्न केला. मग टेप खोक्यात घालून ठेवली.

पावसाळा संपताना मावशी निकाल विचारायला आल्या. तोवर त्यांचा घसा बसला होता. श्वासातूनच शब्द येत होते, पुढे वाकून ऐकावे लागत होते.

"मावशी, तुमचा आवाजच मशिनीला बसत न्हाय," अण्णा म्हणाले. ते दुष्ट नव्हते, त्यांना तसंच वाटत होतं. "वखारीतल्या बायकांचं असंच असतंय. धुळीनं घसा खाल्ला."

"व्हय की. जलमभर धूळच गिळली." मावशींनी ते लगेच मानलं. त्यांनी टेपचं खोकं हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि परत टेबलावर ठेवलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"तू शिकल्याली हैस, पोरी. दिव्यांत दिसत हुतं काय गं, माझा आवाज बाद हाय म्हणून?"

पेटी पुसता पुसता पेटीवाल्याने वर पाहिलं. अण्णाही बघत होते. आता काहीही बोलले तरी ती गाणी परत येणार नव्हती, आणि गप्प राहणं मला चांगलं जमत होतं.

"नाही मावशी," मी म्हणाले. "तुमचा आवाज चांगला होता. आम्ही तो दाबला. चूक होतेय हे मला तेव्हाच माहीत होतं, आणि मी बोलले नाही."